चष्मेवाले आलेच नाहीत

मावशी दार वाजवत नाही, दारावर थाप मारते. थाप पडली की हातातलं काम तसंच टाकून उठायचं. उशीर केला तर ती बाहेरूनच बातमी सांगायला लागते, आणि मग ती आधी सगळ्या जिन्याला कळते, शेवटी मला. त्या सकाळी मी दार उघडलं तेव्हा निम्मी बातमी जिन्याला कळलीसुद्धा होती.

“...आलेच नाहीत, म्हणते मी! झाड लालभडक झालंय, मधमाश्या आल्या, मुंग्या आल्या, तो मेला कावळासुद्धा फांदीवर बसून गेला. आणि यांचा पत्ता नाही!”

“कुणाचा?”

“अगं, चष्मेवाल्यांचा! दुसऱ्या कुणाचा?”

गाऊनवर स्वेटर, गळ्यात दुर्बीण, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात काकांची. घाबरलीय म्हणावं तर डोळे लकाकत होते, खूश आहे म्हणावं तर कपाळभर आठ्या होत्या. घरातलं कुणीतरी बेपत्ता झालंय आणि पहिल्या पानाची बातमीही हाती लागलीय, अशा दोन्ही गोष्टी एका चेहऱ्यावर मावत नव्हत्या.

चष्मेवाला म्हणजे अंगठ्याएवढा, हिरवट पिवळा पक्षी. डोळ्याभोवती पांढरी गोल कड, चष्मा लावल्यासारखी. आमची इमारत आणि शेजारची इमारत यांच्यामध्ये एक सामाईक अंगण आहे, त्यात बॉटलब्रशचं मोठं झाड. त्याची एक फांदी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशीच्या गॅलरीला जवळजवळ टेकते. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त गळलेली फुलं येतात. दरवर्षी ते झाड फुललं की चष्मेवाल्यांचे थवेच्या थवे त्यावर उतरतात, आणि त्याची वर्दी मावशी सगळ्या गावाला देते. अगदी सगळ्या गावाला. कारण मावशी पेपरात लिहिते.

ती लेखिका कशी झाली हे सांगायचं तर आधी तिच्या कानांबद्दल सांगायला हवं. मावशीनं सगळी नोकरी मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. तळघरातली खिडकी नसलेली खोली, डोक्यावर हेडफोन, समोर दिव्यांचा फळा. फोन करणाऱ्याच्या श्वासावरून ती ओळखायची, याला बाळंतपणाचा वॉर्ड जोडून द्यायचा की अपघात विभाग. डॉक्टर लोक तिला ‘रडार’ म्हणायचे. एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नसे. निवृत्त झाल्यावर भाजीबाजारात एका गृहस्थांनी कोथिंबिरीचा भाव विचारला, तर मागून ही म्हणाली, “काय हो, वडिलांचं ऑपरेशन झालं का नीट?” ते गृहस्थ जुडी सोडून बघतच राहिले. हिनं त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर मात्र ती गॅलरीत नुसती बसून राहायची. काका म्हणायचे, “कुणाला तरी फोन लाव.” ती म्हणायची, “मी लावत नसते हो, मी जोडून देत असते.” आणि मग एका सकाळी तिला कळलं, की समोरच्या झाडावर तेच चाललंय. एक हाक मारतो, दुसरा ‘हो’ म्हणतो, तिसरा मध्येच घुसतो, चौथा ‘मांजर आलं’ म्हणून सगळ्या लायनी एकदम वाजवतो. मावशी खाली धावत आली होती तेव्हाही. “अगं, इथे एक्स्चेंजच आहे! फक्त ऑपरेटर नव्हता!”

त्यानंतर तिनं गावातल्या साप्ताहिकाच्या संपादकांना एक खरमरीत पत्र लिहिलं. त्यांच्या ‘निसर्ग’ पानावर दर आठवड्याला धबधब्याचा फोटो असे. ‘तुमच्या निसर्गात कुणी राहत नाही का?’ असं तिनं विचारलं. संपादकांनी उलट टपाली कळवलं, ‘मग तुम्हीच लिहा.’ बिचाऱ्यांना वाटलं असेल बाई गप्प बसेल. तेव्हापासून ‘तिसरा मजला’ हे सदर सुरू आहे. काकांच्या जुन्या बुटात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं ते, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर कावळे भाकरी भिजवतात ते, पालीची शेपटी तुटल्यावर पाल कुठं तोंड लपवते ते. जंगलात ती कधी गेलेली नाही. “जंगलात जाऊन काय करू? तिथे माझ्या ओळखीचं कोण आहे?”

लिहिण्याच्या बाबतीत मावशी कडक. ‘निसर्गाच्या कुशीत’ असं कुणी तिच्यासमोर म्हटलं की संपलंच. “निसर्ग कुणाला कुशीत घेत नाही. त्याला त्याची कामं आहेत.” मी एकदा तिच्या लेखात ‘सुंदर’ हा शब्द सुचवला, तर माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी तिच्या चहात मीठ टाकलंय. “सुंदर म्हणजे ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. काही सांगायचं नसलं की माणसं असं म्हणतात.” आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, पक्षी आधी ऐकायचा, मग बघायचा. चष्मेवाल्यांच्या बाबतीत तर तेच खरं. हिरव्या पानांत हिरवा पक्षी, सारखा हलणारा. आवाज येईल तिकडे दुर्बीण वळवायची, एरवी शोधत बसलात तर डोळे फुटतील. म्हणून मावशी सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत बसते ती डोळे मिटून.

तर त्या सकाळी माझ्या दारात उभी राहून ती सांगत होती, की फुलं लागल्यापासून ती रोज डोळे मिटून बसतेय आणि झाड गप्प आहे.

“गप्प?” मी म्हटलं.

“मुकं! कावळा आहे, पारवे आहेत, तो लांब शेपटीचा कोतवाल आहे. पण ती बारीक चुळबुळ नाही गं. ती नाही म्हणजे फांदीच्या फांदी रिकामी वाटते. मी लिहिणार. आजच लिहिणार!”

तिनं लिहिलं. आणि संपादकांनी ते आतल्या पानावरून उचलून थेट पहिल्या पानावर टाकलं. मथळा भला मोठा: ‘चष्मेवाले आलेच नाहीत’.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! मावशीचा फोन खाली ठेवायला सवड मिळेना. माणसं जिना चढून वर यायला लागली. “आमच्याकडेही नाहीत हो!” असं म्हणणाऱ्यांत अशीही मंडळी होती, ज्यांनी आयुष्यात चष्मेवाला पाहिलेला नव्हता. पलीकडच्या इमारतीतल्या एका काकूंनी सांगितलं, की त्यांच्याकडे मागल्या वर्षी मोर यायचे तेसुद्धा यायचे थांबले. मावशीनं विचारलं, “तुमच्या पार्किंगमध्ये?” काकू म्हणाल्या, “साधारण तिकडेच.” वृक्षप्रेमी मंडळानं रविवारी वाचनालयाच्या सभागृहात सभा ठेवली. प्रमुख वक्त्या अर्थात मावशी. ती भाषणाची तयारी करत घरभर फिरायची, काका तिच्या मागे मागे फिरून फ्रिजचं दार लावत.

“तू फ्रिज उघडा टाकतेस, तो बिचारा चीं चीं करून सांगतो, तरी लावत नाहीस!”

“कुठे चीं चीं करतो? आणि ओरडू नका.”

“हळू बोललं तर म्हणतेस पुटपुटू नका, मोठ्यानं बोललं तर म्हणतेस ओरडू नका. मधला आवाज कोणता ते एकदा लिहून दे, मी पाठ करतो.”

आम्ही हसलो. तो विषय तिथेच राहिला.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. लेखात मावशीनं शेवटी एक वाक्य लिहिलं होतं: ‘गेल्या महिन्यात अंगणातल्या झाडांवर फवारणी झाली, ती मी पाहिली.’ बस, एवढंच. पण वाचणाऱ्यांना एवढं पुरलं. दोन्ही इमारतींच्या कमिटीनं अंगणातल्या माळ्याला सांगितलं, की रविवारच्या सभेत काय ठरतं ते पाहू, तोवर येऊ नका. माळी वयस्क, तोंडाचा फटकळ माणूस. तो जिना चढून मावशीच्या दारात आला.

“बाई, मी साबणाचं पाणी मारलं होतं. जास्वंदीला मावा पडला होता म्हणून. तुमच्या त्या झाडाला मी हातसुद्धा लावला नाही.”

“मी कुठे म्हटलं तुम्ही मारलंत?”

“म्हटलं नाहीत. पण आता गेटवरचा माणूस मला आत सोडत नाही. तुमचं नाव सांगितलं तेव्हा आज सोडलं. रविवारी तुम्ही बोलणार म्हणे. मग जरा बघून बोला.”

तो गेल्यावर मावशी म्हणाली, “मी खोटं काही लिहिलेलं नाही.” कुणी तसं म्हटलंही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी संपादक आले. साप्ताहिकाच्या वेबसाइटवर टाकायला त्यांना मावशीचे चार शब्द रेकॉर्ड करायचे होते. मागे ते मुकं झाड हवंच, म्हणून गॅलरीत खुर्च्या टाकल्या. मीही वर गेले, चहा कुणी करायचा हा प्रश्न होताच. काका आतल्या खोलीत खिडकी लावून पेपर वाचत बसले होते. संपादकांनी फोन मावशीच्या समोर धरला. मावशीनं घसा साफ केला.

“दरवर्षी या दिवसांत हे झाड बोलत असतं. यंदा हे झाड...”

“ताई, एक मिनिट,” संपादक म्हणाले. त्यांनी फोन कानाला लावून थोडं ऐकून पाहिलं. “आपण आत बसू या का? इथे फार किलबिल आहे. तुमचा आवाज नीट येत नाहीये.”

“कसली किलबिल?”

“ही काय... बारीक बारीक. सारखी चाललीये.”

“रोजच असते!” आतून काकांचा आवाज आला. “पेपर वाचू देत नाहीत. म्हणून तर मी खिडकी लावून बसतो!”

मावशीनं संपादकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आता चाललीये? आत्ता?”

मी मान हलवली. ती किलबिल मला रोज ऐकू येत होती. पण किलबिल म्हणजे किलबिल, असतील चिमण्या, असेल कुणी. मावशीनं नाहीत म्हटल्यावर आमचे कान हो म्हणायला धजतील कसे? संपादकांच्या हातातला फोन अजून चालूच होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत होता, की आपण मुक्या झाडाची मुलाखत घ्यायला आलो आणि झाडाच्या कलकलाटामुळे ती थांबवली.

मी मावशीच्या चेहऱ्याकडे बघू शकत नव्हते. मला वाटलं आता ती कोसळणार. पण ती ताडकन उठली. खुर्ची मागे पडली.

“बोट दाखवा!”

“काय?”

“आवाज कुठून येतोय तिकडे बोट दाखवा! सगळ्यांनी! अहो, बाहेर या, तो पेपर टाका!”

काका चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले. गॅलरीच्या कठड्याशी आम्ही तिघं उभे राहिलो आणि तिघांनी तीन दिशांना बोटं दाखवली. संपादकांचं बोट शेंड्याकडे, माझं मधल्या फांदीकडे, काकांचं अगदी समोर, कठड्याला टेकलेल्या लाल फुलांच्या झुपक्याकडे.

मावशीनं काकांच्या बोटावर दुर्बीण लावली. मग त्या फांदीला दुर्बिणीची गरजच नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं ती खाली घेतली.

“आहे,” ती म्हणाली. अगदी हळू. आणि मग जिन्यालाच काय, समोरच्या इमारतीलाही ऐकू जाईल अशा आवाजात, “आहे! अगं आहे! तो बघ, उलटा लटकलाय! तो बघ दुसरा! अगं बाई, किती आहेत हे! तोंड उघडतोय, बघ, चोच उघडतोय आणि मिटतोय, गळा कसा फुगतोय त्याचा!” तिनं माझं मनगट असं घट्ट धरलं की बांगडी रुतली. “काय म्हणतोय?”

“चीं... चीं चीं असं काहीतरी.”

“मोठ्यानं म्हणतोय?”

“बऱ्यापैकी.”

“आणि मला काही नाही!” ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम. “मूकपट चाललाय गं माझ्यापुढे! आले होते! आलेच होते मेले, वेळेवर आले होते!”

काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “म्हणजे फ्रिजसुद्धा खरं बोलत होता.”

“तुम्ही गप्प बसा,” मावशी म्हणाली, पण त्यांचा हात तिनं काढला नाही.

संपादक मात्र परत खुर्चीवर जाऊन बसले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर पहिलं पान होतं. “ताई,” ते चाचरत म्हणाले, “यात एवढं काही नाही. पुढच्या अंकात टाकू या, ‘अखेर चष्मेवाले आले’. उशिरा आले, झालं. लोक खूश होतील. सभेत पेढे... म्हणजे, काहीतरी गोड वाटू.”

मावशीनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. मला वाटतं, एक्स्चेंजमध्ये चुकीचा नंबर मागणाऱ्याशी ती अशाच आवाजात बोलत असणार.

“उशिरा आले? कान माझे गेले आणि उशिराचा ठपका त्यांच्यावर? आणि तो माळी? तो तर अजून गेटच्या बाहेर उभा आहे. चष्मेवाले उशिरा आले म्हटलं, तर त्याच्या फवारणीनंच उशिरा आले असं म्हणतील लोक.”

“पण ताई, तुमचं नाव...”

“माझं नाव काय करायचंय? मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही, असं रोज घोकत होते. ऐकू आले नाहीत, हे खरं. फवारणी पाहिली, हेही खरं. दोन खरी वाक्यं शेजारी शेजारी ठेवली आणि एका माणसाचं काम गेलं. आमच्याकडे याला चुकीची लाइन जोडणं म्हणत. आणि त्याहून वाईट काय केलं सांगू? ‘मला ऐकू आले नाहीत’ असं लिहायला हवं होतं. त्यातली ‘मी’च मी गाळली. झाड ठेवलं, पक्षी ठेवले आणि जी ऐकत होती तीच गाळली.”

त्याच दुपारी मावशी, काका आणि मी तिच्या जुन्या हॉस्पिटलमध्ये गेलो. कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांना ‘रडार’ माहीत नव्हतं. पण मावशीला काचेच्या खोलीत बसवून तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला, तेव्हा ती इतकी ऐटीत बसली, की बाहेरून वाटावं हीच आता डॉक्टरांची तपासणी करणार आहे. हातात बटण. आवाज आला की दाबायचं. जाडे, घुमणारे आवाज तिनं लगेच टिपले. मग डॉक्टरीणबाईंचा हात बारीक आवाजांकडे सरकत गेला. मावशी अंगठा बटणावर ठेवून, मान किंचित तिरकी करून, हसऱ्या चेहऱ्यानं वाट पाहत बसली. डॉक्टरीणबाई बाहेरून आवाज सोडत होत्या आणि आत ती वाटच पाहत होती. काकांनी तोंड फिरवलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “माझी एक लाइन कापली गेलीय. आणि मला कळवलंसुद्धा नाही कुणी.”

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. वयाप्रमाणे आधी बारीक आवाज जातात, म्हणून तर माणसाला पत्ता लागत नाही. कावळा ऐकू येतो, फोन ऐकू येतो, मग वाटतं कान शाबूत आहेत. कानाचं मशीन मिळेल, माणसांचं बोलणं नक्की नीट ऐकू येईल.

“आणि पक्ष्यांचं?”

“प्रयत्न करू. पूर्वीसारखं सगळं येईल, असं मी म्हणणार नाही.”

“छान,” मावशी म्हणाली. “खरं बोललात.”

रिक्षात ती बाहेर तोंड करून बसली. बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “पण आलेत ना गं? आहेत ना?” मी म्हटलं, “आहेत.” ती पुन्हा बाहेर बघायला लागली. मला कळत होतं तिला काय विचारायचंय ते. पक्षी आहेत, हे ठरलं. आता जिला पक्षी ऐकू येत नाहीत अशी बाई पक्ष्यांवर कशी लिहिणार, हा प्रश्न राहिला होता, आणि तो तिनं मला विचारला नाही.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठामागे कापडी फलक, त्यावर चष्मेवाल्याचं चित्र, तेही कुणीतरी चुकून चिमणीचं काढून तिला चष्मा घातला होता. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, माळी हाताची घडी घालून बसला होता. अध्यक्षांनी ‘निसर्गाच्या कुशीत’ हे शब्द उच्चारले तेव्हा मी मावशीकडे पाहिलं. तिला ऐकू गेले होते.

मग ती उठली. भाषणाचा कागद तिनं पर्समधून काढलाच नाही.

“मी लिहिलं की चष्मेवाले आले नाहीत,” ती म्हणाली. “ते चूक आहे. चष्मेवाले वेळेवर आले. माझे कान गेले.”

सभागृहात कुजबूज झाली. कुणीतरी हसलं.

“परवा मी ते स्वतः पाहिले. माझ्यापासून हातभर अंतरावर. ते ओरडत होते आणि माझ्या कानात ठार शांतता होती. मी काय करायला हवं होतं? कुणाला तरी विचारायला हवं होतं, बाबा, तुला काही ऐकू येतंय का? विचारलं नाही. कारण मला वाटत होतं, माझ्यापेक्षा चांगले कान या गावात नाहीत. आता फवारणी. ती जास्वंदीवर साबणाच्या पाण्याची होती. त्या झाडाशी तिचा संबंध नाही, चष्मेवाल्यांशी नाही. तो संबंध मी जोडला. मी आज तो तोडतेय, सगळ्यांसमोर.” तिनं एक श्वास घेतला आणि तिच्या आवाजात एकदम ती जिन्यावरची गडबड आली. “आणि ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं की आमच्याकडेही नाहीत, त्यांनी उद्या सकाळी खाली उतरा! कुठलंही फुललेलं झाड गाठा आणि उभे राहा! आवाज आला की बोट दाखवा! अहो, चहूकडे आहेत ते! मला दिसतायत, तुम्हाला तर ऐकूही येतील! केवढी चैन आहे तुमची!”

दाराजवळून माळी म्हणाला, “म्हणजे उद्यापासून कामावर येऊ का?”

कमिटीचे सेक्रेटरी पहिल्या रांगेत होते. त्यांनी सगळ्या सभागृहाची नजर मानेवर झेलली आणि म्हणाले, “या की.”

“आणि गेटवरच्या माणसाला?”

“सांगतो. आजच सांगतो.”

हशा पिकला, टाळ्या झाल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकणार तेवढ्यात मोरवाल्या काकू उभ्या राहिल्या. “मग आता तुमचं सदर बंद का हो?”

त्यांना काही टोचायचं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मावशीनं पर्सचा बंद धरला, सोडला. टाळ्या विरल्या. पंख्यांचा आवाज येऊ लागला.

तिसऱ्या रांगेत खुर्ची करकरली. काका उठून उभे राहिले. काकांनी आयुष्यात कुठल्या सभेत तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी आधी घसा खाकरला, मग खिशातला रुमाल काढला, मग तो परत ठेवला.

“बंद कशाला?” ते म्हणाले. “मला ऐकू येतं.”

“तुम्हाला?” मावशी व्यासपीठावरून, माइकमधून ओरडली. “तुम्हाला कावळा आणि कोकीळ यांतला फरक कळत नाही!”

“तो तू सांग. मी ऐकतो, तू सांग. आणि ओरडू नकोस.”

त्या हशात पुढचं काही कुणाला ऐकूच आलं नाही.

आता रोज सकाळी गॅलरीत दोन खुर्च्या असतात. काकांची खिडकी उघडी, पेपर मांडीवर घडी घातलेला, आणि काका डोळे मिटून. मावशी डोळे टक्क उघडे ठेवून. तिचा नियम तिनं फिरवला नाही. पक्षी अजूनही आधी ऐकायचाच असतो, फक्त ऐकायला दुसरं माणूस लागतं. तिला आता नव्या गोष्टी दिसायला लागल्यात, असं ती म्हणते. चष्मेवाला हाक मारताना शेपटी खाली दाबतो, हे म्हणे इतकी वर्षं आवाज ऐकण्याच्या नादात तिनं पाहिलंच नव्हतं. त्यावर तिनं एक अख्खा लेख लिहिला. माळ्यावरही लिहिला, त्याची परवानगी घेऊन. त्यानं फक्त ‘फटकळ’ हा शब्द काढायला लावला.

मशीनचं माप देऊन झालंय, ते येईल तेव्हा येईल. परवा काकांनी जिन्यात मला गाठून हळूच विचारलं, “ते मशीन आलं की... माझं काय?” मी म्हटलं, “डॉक्टर म्हणाल्यात ना, सगळं येणार नाही.” काकांचा चेहरा खुलला, मग खुलला म्हणून ओशाळला.

आणि आज सकाळी माझ्या दारावर थाप पडली. हातातलं काम टाकून धावले. दारात काका. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, एका पायात मावशीची चप्पल.

“नवीन आलाय कुणीतरी! शप्पथ! आधी कधी ऐकला नव्हता! चल वर, तुझ्या मावशीला सांगायचंय आणि मला तो नीट सांगताच येत नाहीये!”

“कसा आहे आवाज?”

“छान आहे गं, फार छान...”

“छान नको!” वरून, जिन्याच्या कठड्यावर वाकून, मावशीचा आवाज आला. काकांचं हे बोलणं तिच्यापर्यंत कसं पोचलं, देव जाणे. “छान म्हणजे साहेब मीटिंगमध्ये आहेत! कसा आहे ते सांगा!”

काकांनी डोळे मिटले. जिन्याच्या मधोमध, बटणं वरखाली लागलेला, अर्धा चुकीच्या चपलेतला माणूस मान तिरकी करून उभा राहिला.

“कुलपात किल्ली फिरतेय,” ते म्हणाले, “पण कुलूप काही उघडत नाहीये. मग थांबतो. मग पुन्हा फिरवतो, दोनदा, घाईघाईनं.”

वर पावलं गॅलरीकडे धावली, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि दुर्बिणीचा पट्टा कठड्यावर आपटल्याचा.

“वर या लवकर!” मावशी ओरडली. “आणि बोट दाखवा!”